गावाचे नाव कोणाच्या स्वाधीन?



गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. चर्चच्या छपराची गळती, दफनभूमीचे कुंपण, सणाचा जमाखर्च हे विषय आटोपल्यावर ‘आयत्या वेळचे विषय’ यात एक किरकोळ बाब पुढे आली. पाच मिनिटांत ती निकालात निघेल आणि सगळे जेवायला घरी जातील, असे आम्हांला वाटले होते. प्रत्यक्षात सव्वा तास चर्चा चालली, दोघांचे आवाज चढले आणि निर्णय काही झाला नाही. तो आता आपणा सर्वांपुढे ठेवायचा असे ठरले आहे. म्हणून आजचा हा लेख.

बाब अशी. २००९ साली आपल्या चर्चचा महोत्सव साजरा झाला. आम्ही तेव्हा या धर्मग्रामात नव्हतो. जुन्या मंडळींनी सांगितले तेच लिहितो. संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका तरुणाने त्या निमित्ताने चर्चचे संकेतस्थळ तयार केले आणि त्यासाठी इंटरनेटवर एक नाव नोंदवले. ते नाव आपल्या आश्रयदात्या संताचे नव्हते. ते होते आपल्या गावाचे नाव आणि त्यापुढे ‘डॉट कॉम’. मिस्साच्या वेळा, सणाचे फोटो, ही पत्रिका असे सारे काही सात-आठ वर्षे तेथे येत राहिले. पुढे घरोघरी व्हॉट्सअ‍ॅप आले आणि त्या संकेतस्थळाकडे कोणी फिरकेनासे झाले. २०१८ पासून तेथे फक्त कोरे पान आहे. नाव मात्र अजून आपल्याकडे आहे, कारण तो तरुण दरवर्षी बाराशे-तेराशे रुपये स्वतःच्या खिशातून भरत आला. आज तो कॅनडात आहे, दोन मुलांचा बाप आहे. इतकी वर्षे त्याने हे कोणाला बोलूनही दाखवले नाही.

यंदा त्याने आम्हांला लिहिले, “फादर, मुदत संपत आली आहे. भरू की सोडू?” सोबत त्याला आलेली दोन पत्रे जोडली होती. एक पत्र अशा नावांची खरेदी-विक्री करणाऱ्या दलालाचे होते. नाव विकल्यास चाळीस हजार रुपये देण्याची त्याची तयारी होती. दुसरे पत्र आपल्याच गावातील तरुणांचे. त्यांत आपली मुले आहेत, तशी शेजारच्या हिंदू आणि मुसलमान आळीतलीही आहेत. गावातील जुनी गाणी, लग्नविधी, बोलीतले शब्द, बुजलेल्या आणि उरलेल्या बावखलांच्या जागा हे सारे त्यांना नोंदवून ठेवायचे आहे. गावाच्या नावाने संकेतस्थळ काढायला गेले, तर नाव आधीच घेतलेले. कोणाचे म्हणून शोध घेतला, तर आपले!

म्हणजे मार्ग चार. सोडून द्यावे, विकावे, तसेच ठेवावे, की द्यावे?

निर्णयाआधी हे नाव म्हणजे नेमके काय ते समजून घेऊ. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. ते आकडे लक्षात ठेवणे माणसाला कठीण जाते, म्हणून १९८३ साली आकड्यांऐवजी नावे वापरण्याची आजची व्यवस्था आखली गेली. ‘डॉट कॉम’मधील पहिले नाव मार्च १९८५ मध्ये नोंदले गेले. १९९५ पर्यंत नाव फुकट मिळे. त्या वर्षापासून शुल्क सुरू झाले. आपण ‘नाव विकत घेतले’ असे म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. नाव मुदतीने मिळते, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही आठवडे सवलतीचे मिळतात. त्यानंतर साधारण तीस दिवस जादा दंड भरून ते परत घेता येते. मग मात्र ते मोकळे होते आणि जो पहिला मागेल त्याला मिळते. हे आपल्या वाडीच्या सातबाऱ्यासारखे नाही. बाजारातल्या भाड्याच्या गाळ्यासारखे आहे.

‘जो पहिला, त्याचे नाव’ हा या व्यवहाराचा मूळ नियम. अमेरिकेत उझी निसान नावाच्या गृहस्थाने १९९४ साली आपल्या आडनावाचे डॉट कॉम नोंदवले. मोटारी बनवणाऱ्या बलाढ्य निसान कंपनीने १९९९ मध्ये त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. खटला वर्षानुवर्षे चालला. तो माणूस खर्चाने मेटाकुटीला आला, पण नाव त्याच्याकडेच राहिले. २०२० मध्ये तो वारला, तोपर्यंत त्याने ते सोडले नव्हते. तेव्हा ‘आम्ही पहिले आलो’ हा युक्तिवाद कायद्यापुढे बराच टिकतो. आपल्या कौन्सिलमध्येही एका ज्येष्ठांनी तोच मांडला : “आपण आधी घेतले, आपले आहे. त्यात विचार कसला?”

कायदा येथवर नेतो. पुढचा प्रश्न सदसद्विवेकाचा आहे. एखादी गोष्ट आपली आहे एवढ्यावरून तिचे काय करावे हे ठरते का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हांला वेगळ्या रूपात भेटला होता. सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत जॉन लॉक याचे म्हणणे असे की, सर्वांसाठी असलेल्या सृष्टीतून माणूस जे स्वतःच्या श्रमाने मिळवतो ते त्याचे होते. पण त्याने दोन अटी घातल्या. घेतलेले आपल्याकडे सडून वाया जाता कामा नये, आणि इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले मागे उरले पाहिजे. आपल्या नावाला या अटी लावून पाहा. २०१८ पासून ते पडून आहे. शेत एकाने घेतले तर शेजारी दुसरे शेत असू शकते. पण आपल्या गावाचे नाव आणि डॉट कॉम अशी जोडी जगात एकच आहे. एकाने घेतली की दुसऱ्याला उरत नाही.

लॉकच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी याहून पुढचा विचार मांडला. वस्तू सांभाळण्यासाठी आणि तिची व्यवस्था लावण्यासाठी ती एकाच्या ताब्यात असणे योग्य आहे, कारण सर्वांची म्हणून जी असते तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. पण वापराच्या बाबतीत माणसाने ती केवळ आपली समजू नये. गरजवंत दिसला की ती त्याच्यासाठी मोकळी करावी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात हाच विचार आजच्या भाषेत सांगितला. खासगी मालमत्तेवर समाजाचे एक गहाण असते, असे ते म्हणतात. बँकेचे गहाण असलेल्या जमिनीचा सातबारा आपल्याच नावावर असतो. तरीही बँकेला विसरून त्या जमिनीचा व्यवहार करता येत नाही. तसेच हे.

आणि नवल म्हणजे इंटरनेट उभारणाऱ्यांपैकी एकाने जवळपास हेच लिहून ठेवले आहे. जॉन पोस्टेल हे कॅलिफोर्नियातील संगणकशास्त्रज्ञ या नावांच्या यादीचे अनेक वर्षे राखणदार होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी एक नियमपत्र प्रसिद्ध केले. ‘डॉट इन’सारख्या मूळ शाखा ज्यांच्याकडे सोपवल्या जातात, त्यांनी हक्क आणि मालकी यांची भाषा करू नये, जबाबदारी आणि सेवा यांची करावी, अशा आशयाचे त्यात लिहिले आहे. हा नियम मोठ्या शाखांसाठी होता, आपल्या एवढ्याशा नावासाठी नव्हे, हे खरे. पण गावाचे नाव हाती असणाऱ्याला तो लागू नाही असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आता एकेक मार्ग पाहू.

पहिला मार्ग, सोडून देण्याचा. येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. बैठकीत प्रथम आम्हीच म्हणालो होतो, “वापर नाही ना? मग सोडून द्या.” आम्हांला ते निर्मोही, साधे, धर्मगुरूला शोभेल असे वाटले. बैठकीनंतर आम्ही त्या तरुणाला सहज विचारले, “त्या नावावर आपला एक ई-मेल होता ना?” होता. २००९ च्या स्मरणिकेवर तो छापला होता. आपल्या जुन्या पावतीपुस्तकांवर आहे. दफनभूमीच्या फाटकावरील पाटीवर आजही आहे. त्याने ती पेटी उघडून दिली. जाहिरातींचा ढीग बाजूला केल्यावर मागील दोन वर्षांतील तेवीस खरी पत्रे निघाली. परदेशी स्थायिक झालेल्या घरांतील नातवंडांनी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता. कोणी कबरीची जागा विचारली होती. आणि एक पत्र रात्री दोन वाजता लिहिलेले होते. त्यातील मजकूर येथे सांगणे योग्य नाही. एवढेच सांगतो की, ते लिहिणाऱ्याला त्या रात्री दुसरे कोणी आठवले नसावे. त्या पत्राला चौदा महिने कोणी उत्तर दिले नव्हते. आम्ही आता दिले आहे.

नाव सोडले असते तर काय झाले असते? ते मोकळे होताच कोणा अनोळखी माणसाने उचलले असते. नाव ज्याच्याकडे, त्याला त्या नावावर येणारे टपाल स्वतःकडे वळवून घेता येते. आपल्या लोकांची ती पत्रे त्याच्या हाती गेली असती. एखाद्या खात्याचा पासवर्ड विसरल्याचे पत्र त्या जुन्या पत्त्यावर येत असेल, तर तेही त्यालाच मिळाले असते. म्हणजे ‘सोडून देणे’ आम्हांला जितके निरुपद्रवी वाटले होते तितके ते नाही. आपल्या भागातील जुन्या जाणत्यांना बावखलांची गोष्ट ठाऊक आहे. रहाट थांबले, पंप आले, बावखल कोणाला नकोसे झाले. कोणी ते बुजवले, कोणी त्यात कचरा पडू दिला. ‘आमच्या वाडीतले बावखल, आम्हांला नको’ असे प्रत्येकाला वाटले. आपल्या बावखलाच्या पाझरावर शेजारच्या किती विहिरी गोड राहतात हे त्या वेळी कोणी मोजले नाही. वस्तू आपल्या उपयोगाची राहिली नाही, म्हणजे ती कोणाच्याच उपयोगाची राहिली नाही असे होत नाही.

दुसरा मार्ग, विकण्याचा. चाळीस हजार रुपये आपल्या गळक्या छपराला नको आहेत असे कोण म्हणेल? पण कोऱ्या पानाच्या नावाला कोणी एवढे पैसे का देतो, हेही विचारले पाहिजे. जुन्या नावाकडे अनेक ठिकाणांहून दुवे आलेले असतात. त्यामुळे शोध घेणाऱ्या यंत्रणा त्यावर भरवसा ठेवतात. ती पत विकत घेऊन तेथे जुगाराच्या आणि त्याहून वाईट जाहिराती लावणारे लोक आहेत. शाळांची, संस्थांची, चर्चची नावे अशा हाती गेल्याचे प्रकार जगभर घडले आहेत. आपला दलाल तसाच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण नाव कशासाठी हवे, असे त्याला दोनदा विचारूनही उत्तर आलेले नाही. जी पत आपण पैशात मोजून घेऊ, ती आपण कमावलेली तरी आहे का? ती गावाच्या नावाची पत आहे.

या संदर्भात एक गोष्ट आठवते. सप्टेंबर २०१५ मध्ये मूळचे कच्छमधील मांडवीचे सन्मय वेद यांना ‘गूगल डॉट कॉम’ हे नाव चक्क विक्रीला दिसले. त्यांनी ते बारा डॉलरला घेतले आणि सुमारे एक मिनिट ते त्यांच्या ताब्यात होते. कंपनीने व्यवहार रद्द केला आणि पुढे त्यांना सहा हजार डॉलरहून थोडे अधिक बक्षीस देऊ केले. ते त्यांनी भारतातील मुलांच्या शिक्षणासाठी देण्यास सांगितले, तेव्हा कंपनीने ती रक्कम दुप्पट केली. हाती आलेल्या नावाची किंमत वसूल करणे हा एकच शहाणपणा नसतो.

तिसरा मार्ग, तसेच ठेवण्याचा. याविरुद्ध लगेच आठवतो तो धन्याचे नाणे जमिनीत पुरून ठेवणारा चाकर. त्याने ते हरवले नाही, उधळले नाही, जसेच्या तसे परत दिले. तरी प्रभूच्या दाखल्यात तोच दोषी ठरतो. पण पवित्र शास्त्रात दुसरीही बाजू आहे. निर्गमाच्या पुस्तकात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. म्हणजे काही न करता ठेवणे नेहमीच पाप नाही. फरक कोठे आहे? चाकराने नाणे भीतीपोटी पुरले. त्याचा लाभ कोणालाच नव्हता. शेत पडीक ठेवायचे ते मात्र त्यात आपोआप उगवेल ते गरिबांना खाता यावे म्हणून. तेव्हा एखादी वस्तू पडून आहे एवढ्यावर न थांबता, ती कोणासाठी पडून आहे, हे विचारावे. आपले नाव आजवर कोणासाठी पडून होते? खरे उत्तर असे की, आपण विसरलो होतो म्हणून. त्या तरुणाने मात्र ते विसरू दिले नाही.

चौथा मार्ग, देण्याचा. यालाच बैठकीत सर्वांत जास्त विरोध झाला, आणि तो आम्ही हलका लेखत नाही. एकजण म्हणाले, “त्यांनी डॉट इन घ्यावे, डॉट ऑर्ग घ्यावे. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळते. आपलेच कशाला?” हे बरोबर आहे. त्यांच्यापुढे दुसरी वाट आहे, म्हणून हे नाव न दिल्यास आपण कोणाच्या तोंडचा घास काढून घेतो असे होणार नाही. काटेकोर न्यायाने आपण त्यांचे देणे लागत नाही. दुसऱ्या एका भगिनींच्या मनातली भीती अधिक खोल होती. त्या म्हणाल्या, “फादर, आपण थोडे लोक. आपल्या हातात जे आहे ते एकेक करून जात आहे. वाड्या गेल्या, बोली चालली. आता नावही देऊन टाकायचे? उद्या त्याच नावाच्या पानावर आपल्याविरुद्ध काही लिहिले गेले तर?”

त्या भगिनींना आम्ही तेथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन विचार केला. त्यांची भीती खोटी नाही. पण ज्या गोष्टी जात आहेत त्यांची नोंद करायलाच ही मुले निघाली आहेत, आणि त्यांत आपली मुले आहेत. गाव आपले आहे, तसे त्यांचेही आहे. पूर येतो तेव्हा पाणी आळी विचारून घरात शिरत नाही. गावाच्या नावाने उघडलेल्या पानावर फक्त आपल्या मिस्साच्या वेळा असाव्यात, हे २००९ मध्ये कोणाला खटकले नाही, कारण तेव्हा कोणी मागितलेच नव्हते. आता मागितले आहे. ‘आधी आलो’ म्हणून दार अडवून बसण्यापेक्षा ‘आधी आलो’ म्हणून दार उघडून देणे, हे घरातल्या थोरल्याला अधिक शोभते. हा न्यायाचा हिशेब नाही, औदार्याचा आहे. पण औदार्य आंधळे असावे असेही नाही.

म्हणून आमच्या मनातील प्रस्ताव असा. माहितगारांनी सांगितले की, एकाच नावाखालील संकेतस्थळ एकाकडे आणि टपाल दुसऱ्याकडे अशी व्यवस्था करता येते. तेव्हा संकेतस्थळासाठी नाव गावातील तरुणांना वापरू द्यावे. त्या नावावर येणारे टपाल मात्र आपल्याकडेच यावे. कौन्सिलमधील दोघांनी ते आठवड्यातून एकदा पाहावे आणि गोपनीय पत्र थेट धर्मगुरूंकडे द्यावे. नोंदणी एका व्यक्तीच्या नावे न ठेवता धर्मग्रामाच्या नावे करावी, आणि तरुणांशी साधा लेखी करार करावा : जाहिराती नाहीत, कोणत्याही धर्माची वा जातीची निंदा नाही, आणि नाव तिसऱ्याला देणे नाही. तीन वर्षांनी दोन्ही बाजूंनी बसून पुन्हा पाहावे. वर्षाचे शुल्क आपण भरावे. आणि ज्याने इतकी वर्षे गुपचूप भरले, त्याचे पैसे परत करावेत. हे त्याला कळवले तेव्हा त्याने लिहिले, “फादर, पैसे नकोत. पाटीवरचा पत्ता चालू राहू द्या. माझी आजी तिथेच आहे.”

हा केवळ प्रस्ताव आहे. आमचे मत एकदा बदलले आहे, तसे पुन्हाही बदलू शकते. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात यावर बोलण्यासाठी जमू या. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी आपले मत चिठ्ठीवर लिहून दारातील पेटीत टाकावे. विरोधातील मत असेल तर तेही मोकळेपणाने लिहावे. त्या भगिनींनी अवश्य यावे, अशी आमची विशेष विनंती आहे. आणि सभागृहाकडे येताना दफनभूमीच्या फाटकावरील ती पाटी एकदा वाचावी.

आपले,
प्रमुख धर्मगुरू